‘त्याला जरा समजवा’ म्हणजे समुपदेशन नव्हे

महोदय,

आत्महत्येच्या बातमीखाली ‘समुपदेशकाची मदत घ्या’ अशी ओळ आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक अनेक वृत्तपत्रे छापतात. ते हवेच. पण फोन ठेवल्यावर प्रत्यक्ष कुठे जायचे, हे त्यातून कळत नाही आणि बरीच घरे तिथेच अडतात.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोविकार क्षेत्रातील प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती, असणे अपेक्षित आहे. ते पद भरलेले आहे का, ती व्यक्ती कोणत्या वारी भेटते, हे खिडकीवरच विचारावे. गोळ्या लिहून देणे हे तिचे काम नाही; रुग्णाचे घर, कमाई, नातीगोती, कामधंदा हे तिचे क्षेत्र. खासगीत जायचे असेल तर सोशल वर्करची पात्रता विचारायला संकोचू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे तिच्याकडे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कमधील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची धरावी. जुने केसपेपर आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. झोप कधीपासून बिघडली, कामावर जाणे कधी सुटले, हे लिहून न्यावे. रुग्णाबरोबर रोज सांभाळणारी एक-दोन माणसे पुरेत. सगळा गोतावळा नेला की ज्याच्यासाठी आलो तोच गप्प बसतो. ‘रक्त तपासायला जाऊ’ असे खोटे सांगून तर कुणालाच नेऊ नये, कारण तो राग पुढच्या प्रत्येक भेटीत आडवा येतो.

सोशल वर्कर आधी प्रत्येकाशी वेगळे बोलते, मग एकत्र. सून एकटीने जे बोलली ते सासूला सांगितले जात नाही. जिवाला धोका दिसला किंवा कायद्याने सांगणे बंधनकारक असले तरच हा नियम बाजूला ठेवावा लागतो. नवऱ्याकडून मारहाण होत असेल तर दोघांना समोरासमोर बसवून ‘समेट’ घडवणे घातक ठरते, कारण तिथे बोललेल्याचा वचपा घरी काढला जातो. अशा वेळी बाईची सुरक्षितता आधी.

स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजारात, घरच्यांचे बोलणे किती महत्त्वाचे असते, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. सतत टोचून बोलणाऱ्या किंवा जिवापाड काळजीने क्षणभरही एकटे न सोडणाऱ्या घरांत परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटला. पुढच्या अभ्यासात अशा नातेवाइकाबरोबर आठवड्याला 35 तासांहून अधिक काळ समोरासमोर जाणे, ही धोक्याची रेषा मानली गेली. एका खोलीच्या घरात आई आणि आजारी मुलगा दिवसभर एकत्र असतील तर हे तास तीन दिवसांतच भरतात. म्हणून सोशल वर्कर आईला दोष देत नाही. दिवसातले चार तास दोघे वेगळे कसे राहतील, हे ती शोधते : रुग्णांसाठीचे डे-केअर केंद्र, मामाचे दुकान, आईचे भजनी मंडळ, काहीही. ‘आळशी झालाय’ हे वाक्य घरातून गेले पाहिजे, कारण अंथरुणातून न उठणे हा बहुतेकदा आजाराचाच भाग असतो. हे आईला एकदा सांगून पटत नाही. त्यासाठी पंधरा दिवसांच्या अंतराने सहा-आठ भेटी तरी लागतात.

बरीच घरे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर येणे सोडतात. वडिलांना सुटी मिळत नाही, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी जड जाते. ही अडचण पहिल्याच दिवशी सांगावी. पुढची तारीख औषधाच्या तारखेलाच जोडून मागता येते. आणखी एक चूक फार महाग पडते : बोलून बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे.

आपल्याला विनंती, की जिल्हा आवृत्तीत 14416 च्या खाली त्या जिल्ह्यातील मनोविकार विभागाचा वार, वेळ आणि खोली क्रमांकही छापावा. दोन ओळींचीच जागा लागेल.

— मानसिक आरोग्य क्षेत्रातील एक सामाजिक कार्यकर्ती