सुध्या, आमच्याकडेही विलीनीकरण

पिट्सबर्ग, रविवार

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, शुगर काबूत. तुझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून मनातल्या शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच.

आमची कंपनी तिच्या कट्टर वैरी कंपनीत विलीन होतेय. ही म्हणते, "पगार मिळतोय ना?" तुमच्या बँकेचं झालं तेव्हा तुझी झोप उडाली होती, म्हणून तुलाच लिहितोय.

बातमी कळली आणि शनिवारी गाडी काढून अल्टूनाला गेलो, हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं रेल्वेचं वळण बघायला. ते बांधणाऱ्या पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीची सनद १८४६ ची. त्याआधी ॲलेघेनी डोंगर ओलांडायचा तर १० उतारांवर डबे दोरखंडाने ओढायचे. त्यांच्या जे. एडगर थॉमसन या अभियंत्याने दरीला वळसा घालून रूळ नेले, मजुरांनी कुदळ-फावड्यांनी डोंगर कापला आणि १८५४ पासून गाडी इंजिनानेच वर चढू लागली. तू म्हणशील, बोरघाटापुढे हे काय! मान्य. आपल्याकडे ३७ फुटांत १ फूट चढ, इथे ५० हून जास्त फुटांत. पण मागून ढकलणारी इंजिनं इथेही आहेत, आपल्या कर्जतच्या बँकर इंजिनांसारखी. (ती पैज तूच हरला होतास. वडापावचे पैसे अजून बाकी.)

तर ही रेल्वे कंपनी शंभराहून जास्त वर्षं न चुकता लाभांश देत होती. मग १९६८ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रलशी, म्हणजे जन्माच्या वैऱ्याशी, विलीनीकरण. इकडचे 'लाल', तिकडचे 'हिरवे'. दोघांच्या संगणकांचं जमेना, डबे कुठल्या यार्डात पडलेत ते कळेना. ट्रक आणि हायवेंनी धंदा आधीच खाल्ला होता हे खरं, पण जून १९७० मध्ये दिवाळं, तोवरचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं! शेवटी सरकारने १९७६ मध्ये कॉनरेल नावाची नवी रेल्वे कंपनी उभी केली. रूळ वाचले रे, माझ्यासारखे हिशेबनीस किती वाचले?

आमच्याकडे दोन सॉफ्टवेअर आत्ताच भांडतायत. मीटिंगला त्यांची माणसं खिडकीकडे, आमची दाराकडे. दाराकडे का, ते तूच ओळख.

चिनूचं ठरलं, अभिनंदन! वहिनींचा गुडघा कसा आहे? काकूंना नमस्कार.

आता मुद्द्याचं. निवृत्तीचे पैसे एकरकमी उचलावेत की दरमहा घ्यावेत? तू काय केलंस ते आकड्यांनिशी लिही, उपदेश नको. आणि फोन करू नकोस, ही ऐकते.

तुझा,
विन्या