आजोबांचा ट्रॅक्टर रंगवण्याआधी

संपादक महोदय,

आजोबांमागे शेडमध्ये पडून असलेला फर्ग्युसन टीई-२० मी दोन वर्षांपासून दुरुस्त करतो आहे. हे मॉडेल १९४६ ते १९५६ या काळात बनले. वारशाने असा ट्रॅक्टर मिळालेले अनेकजण आधी रंगाचा डबा आणतात, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

जाम झालेले इंजिन दुसऱ्या वाहनाने ओढून सुरू करू नका. सुरुवातीला आलेल्या एका मिस्त्रींनी तेच केले आणि पिस्टनची रिंग तुटली. फार वाईट वाटले. नंतर चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले, आठवडाभर मुरू दिले आणि हँडल रोज अलगद मागेपुढे केले. अकराव्या दिवशी ते बोटभर हलले! टाकीतला गंज, कडक झालेल्या वायरी, कुजलेले सील ही कामे मग क्रमाने होतात. सुटा करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो मात्र काढाच.

या ट्रॅक्टरला स्टार्टरचे वेगळे बटण नाही. गिअरचा दांडा ‘एस’ या खुणेवर नेला की स्टार्टर फिरतो. आजोबांच्या तळव्याने त्या दांड्याची मूठ गुळगुळीत झाली आहे. बॉनेटजवळ हरवलेल्या बोल्टच्या जागी त्यांनी तांब्याची तार तीन पीळ देऊन बांधली होती. नवा बोल्ट मिळाला आहे, पण ती तार मी काढणार नाही. घासून चकचकीत करण्याआधी अशा खुणा नीट पाहून घ्या, आणि तो ट्रॅक्टर चालवलेले कुणी घरात असेल तर आजच त्यांना विचारा.

– एक वाचक