'पाइंट' लिहिता, तर मिलीही लिहा

मा. संपादक,

पणजीपासून हणजूण-वागातोरपर्यंत ब्रिटिश आणि आयरिश धाटणीचे पब उघडत आहेत. काळपट लाकूड, पितळी नळ, जुनाट आरसे. सजावटीत हात आखडलेला नसतो. तो आखडतो ग्लासात.

मेन्यूवर बिअरपुढे 'पाइंट' हे इंग्रजी माप छापलेले असते. आपल्याकडे दुकानात पाइंट मागितला तर ३३० मिलीची बाटली हाती येते. अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा, ब्रिटिश ५६८ मिलीचा. पबवाल्याच्या मनात यांतला कोणता, ते कुठेच लिहिलेले नसते. २००९ च्या वैध मापन कायद्याचे अकरावे कलम दर सांगताना प्रमाणित एकक वापरायला सांगते, म्हणजे मिली किंवा लिटर. ग्राहकाला पडताळा घ्यायचा असेल तर टेबलावरची एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली पुरते. 'पाइंट' ज्यात देतात तसे दोन रिकामे ग्लास मागून पाणी काठोकाठ भरावे. खऱ्या ब्रिटिश पाइंटचे ग्लास असतील तर दुसरा भरत नाही, त्यात ४३२ मिलीच पाणी येते. दोन्ही भरून बाटलीत पाणी उरले, तर तुमचा 'पाइंट' अर्ध्या लिटरपेक्षाही लहान आहे.

ब्रिटनमध्ये ग्लासावर मापाचा शिक्का असतो आणि काठापर्यंतच्या मापात फेस पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा व्यावसायिकांचा संकेत आहे. आपल्याकडे ५०० मिलीला रेघ आणि वर फेसाला दोन बोटे जागा असलेले ग्लास वापरले तरी तंटा मिटेल. वजनमाप खात्याने बाजारातले तराजू तपासताना हे ग्लासही बघावेत.

मापापेक्षा मोठे दुखणे लाइनचे, म्हणजे केगपासून (बिअरच्या पिंपापासून) नळापर्यंतच्या नळीचे आहे. केग मागच्या कोठीत आणि नळ पुढच्या काउंटरवर, मध्ये दहा मीटर नळी. ३/८ इंची नळी असेल तर तिच्यात सुमारे ७०० मिली बिअर कायम भरलेली राहते. सकाळचा पहिला ग्लास म्हणजे रात्रभर नळीत बसलेली बिअर. ती ओतून द्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या नशिबी येते. नळीच्या आतल्या भिंतीला यीस्ट आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बिअरला लोण्यासारखा किंवा शिर्क्याचा वास आला तर केगला दोष देण्याआधी लाइन बघावी. ब्रिटनमध्ये ती आठवड्याला धुतात. गोव्याच्या दमट उकाड्यात त्यापेक्षा ढिलाई परवडत नाही. दोन टक्के कॉस्टिकचे (दाहक अल्कलीचे) द्रावण पंपाने किमान पंधरा मिनिटे फिरवायचे, मग बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचे प्रमाण) साध्या नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत धुवायचे. तीन महिन्यांनी एकदा आम्लाने धुऊन आतला दगडी थर काढायचा. नळाचे तोंड दर वेळी खोलून ब्रशने घासायचे, कारण माश्या आधी तिथेच बसतात. शेवटची सफाई कोणत्या तारखेला झाली, ते नळाशेजारी खडूने लिहिले तर कोणाचे काय जाते?

वीज गेली की वेगळीच गंमत. कोठीतला केग तीन-चार अंशांवरून दहावर चढतो आणि नळातून नुसता फेस येतो. बारमन घाबरून बिअर ढकलणाऱ्या गॅसचा दाब कमी करतो. वीज येते, केग पुन्हा थंड होतो, पण गॅस वाढवायचे राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी बिअर मिळमिळीत. टेम्पोतून उन्हात आलेला केगही कोठीत २४ तास ठेवल्याशिवाय नळाला लावू नये. बर्फाने पांढरा झालेला ग्लास ही तर आपली खास हौस. त्या बर्फकणांवर गॅस सुटून फेस उसळतो आणि बिअर पातळ होते ती वेगळी.

आयरिश स्टाउटवर (काळ्या बिअरवर) फेसाची साय दिसते ती नायट्रोजनमुळे. त्याला साधारण ७० ते ७५ टक्के नायट्रोजन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण लागते, दाब ३० ते ३५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). वेगळे सिलिंडर नको म्हणून काही जण लागरचाच (नेहमीच्या पिवळ्या बिअरचाच) गॅस, म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, जोडतात. मग स्टाउट जिभेला आंबट टोचते आणि वर साबणासारखे मोठे बुडबुडे येतात. ओततानाही ग्लास ४५ अंश तिरका धरून पाऊण भरायचा, खाली बसू द्यायचा, मग वरचा भाग भरायचा. गर्दीच्या रात्री ही दोन मिनिटे वाचवणाऱ्याने स्टाउट ठेवूच नये.

(आयर्लंडच्या खेड्यांत पुढे किराणा, मागे पब अशी जुनी पद्धत. आमच्या गावातल्या 'बार अँड जनरल स्टोअर'ला मात्र कोणी आयरिश म्हणत नाही.)

राहिले खाणे. 'गॅस्ट्रोपब' (चांगले जेवण देणारा पब) हा शब्द १९९१ मध्ये लंडनच्या 'द ईगल'पासून रूढ झाला. तिथे रोजच्या ताज्या मालावर स्वयंपाक होई. इथे त्याच नावाखाली बर्फात गोठवलेला बासा मासा तळतात, त्याला पाणी सुटते आणि पीठ लिबलिबीत होते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ते समजू शकते. डिसेंबरात म्हापशाच्या बाजारात चणक आणि मोडसो हे ताजे मासे असताना का? मेन्यूवर नुसते 'फिश' न लिहिता माशाचे नाव लिहावे.

– पेयसेवेच्या व्यवसायातील एक वाचक, पर्वरी