बाबा, कनेक्टिंग रॉड सरळ आहे

कुर्ला, १० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचं नाव काढलं की बाबा "बरं, बरं" म्हणून आंब्याच्या मोहोरावर येतात. म्हणून लिहिते आहे. आई, हे तू मोठ्यांदा वाचून दाखव.

दिवाळीनंतर मी आपली लँब्रेटा स्कूटर उघडली. पूर्ण. इंजिन मागच्या गॅलरीत जुन्या स्टुलावर आणि चेसिस खाली जिन्याशेजारी. शनिवार-रविवार सगळे त्यातच गेले.

बाबा, २००५च्या २६ जुलैच्या पुरानंतरचा तो दिवस मला विसरता येत नाही. तुम्ही दादरहून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला होतात. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं, गाडीची फक्त सीट दिसत होती. चिखल ओसरल्यावर तुम्ही किक मारलीत. आतून कट् आवाज आला आणि किक खाली गेली ती वर आलीच नाही. तुम्ही पायरीवर बसलात आणि म्हणालात, "पाणी भरलेल्या इंजिनला किक मारली. रॉड वाकला. मीच मारली तिला." त्यानंतर तुम्ही ताडपत्री टाकलीत ती पुन्हा कधी उचलली नाहीत.

आई, रॉड म्हणजे कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा. आता मी काय पाहिलं ते ऐका.

पिस्टन जागचा हलत नव्हता. लँब्रेटाचा सिलिंडर आडवा असतो, त्यामुळे आत शिरलेलं पाणी खालच्या अंगाला साचून राहिलं. हेड काढून टॉर्च मारला तर बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीचा, वरचा अर्धा भाग अजून चकचकीत आणि खालचा तांबडा, मधे पाण्याची रेघ, विहिरीच्या कड्यावर असते तशी. मी इंजिन उभं केलं, डिझेल आणि डब्ल्यूडी-४० मिसळून आत ओतलं आणि अकरा दिवस भिजत ठेवलं. रोज ऑफिसातून आल्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकायचे. बाराव्या दिवशी रात्री तो केसभर सरकला. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

मग गिअरबॉक्सचं तेल काढलं. तेल राहिलंच नव्हतं, पाणी मिसळून दुधाळ रबडा झाला होता. आई, तू तूप गाळतेस तसा तो मी जुन्या पंच्यातून गाळला आणि फडक्यावर मसुराच्या डाळीएवढा लोखंडाचा तुकडा उरला. किकच्या रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेला पकडणाऱ्या दातेरी चाकाचा, दाता. बाबा, तुम्ही ऐकलात तो कट् आवाज याचा होता.

तरीही खात्री हवी म्हणून क्रँक घेऊन लेथवाल्याकडे गेले. त्याने तो दोन सेंटरमध्ये धरून वाक मोजायचा डायल लावला, मग रॉडच्या लहान टोकात लांब पिन घालून दोन्ही बाजूंची उंची मोजली. सारखी. बेअरिंगं गेली होती, पण रॉड सरळ आहे, बाबा. तो म्हणाला, किकचा जोर आधी दात्यावर आला, तो तुटला, म्हणून पुढचं वाचलं. मलाही ते पटलं.

गाडी बिघडली ती पाणी आत ठेवून वर्षानुवर्षं उभी राहिली म्हणून. तेव्हाच प्लग काढून पाणी सांडलं असतं आणि आत थोडं ऑइल सोडलं असतं, तर एवढं काही झालंच नसतं. त्या गणपतीत "भंगारवाल्याला देऊन टाका" असं मी म्हटलं होतं. सत्तावीस वर्षांची होते, मला कळायला हवं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण विकलीही नाहीत.

बाकीचं सामान नागदेवी स्ट्रीटवर मिळालं. ड्राइव्हकडचं ६३०५ बेअरिंग आणि ऑइल सील एकाच दुकानात. फ्लायव्हील आणि मागचा हब काढायचे पुलर मात्र कुर्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून मागून आणले. या गाडीला पुलरशिवाय हात लावायचा नाही, हातोडीने ठोकलं तर शाफ्टचं टोक पसरतं. बोअर मुळात ५७ मिलिमीटरचं. गंजाचे खड्डे निघेपर्यंत कापून घेतलं आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन घातला. पिस्टनच्या रिंगा आधी रिकाम्या बोअरमध्ये सरकवून फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिल्या. ते काम मी कोणाला करू दिलं नाही.

चेसिसची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. जाड नळी ठणठणीत निघाली. पण पाय ठेवायच्या पट्ट्या ज्या आडव्या आधारांवर बसतात त्यांत स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. तेवढेच तुकडे कापून नवे वेल्ड केले. दुसरी चेसिस आणा, स्वस्तात पडेल, असं दोघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. उजव्या अंगाला कोरलेला नंबर हीच तर तिची ओळख. सँडब्लास्टिंगला देण्याआधी त्याच्यावर तीन पदरी टेप लावली. शिवाय ५० वर्षांवरच्या गाड्यांची २०२१पासून व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. त्यासाठी चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात असावं लागतं. आपली १९७३ची, भांडुपला एपीआयच्या, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या, कारखान्यात बनलेली. मात्र तशी नोंदणी केली तर ती रोज चालवता येणार नाही, तेव्हा ते तुमच्याशी बोलूनच ठरवेन. वेल्डिंगनंतर पुढच्या-मागच्या चाकाला सुतळी ताणून आणि गवंड्याचा ओळंबा लावून पाहिलं, एका रेषेत आहेत.

आई, डिकीत तुझं पितळी मापटं सापडलं. "लिटरला दोन" अशी कागदाची चिठ्ठी त्याला दोऱ्याने बांधलेली. पाणी भरून मोजलं तर बरोबर २० मिली, म्हणजे दोन मापटी ४० मिली, या गाडीचं जुनं प्रमाण तेच. बाबा पेट्रोल भरून आले की तू ऑइल ओतायचीस आणि बाबा गाडी हलवून मिसळायचे, ते मला तेव्हा आठवलं. रिंगा बसेपर्यंत मीही तेच माप वापरते आहे.

काल संध्याकाळी सुरू झाली. सातव्या किकेला. निळा धूर जिन्यात भरला, शेजारच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "तुझे बाबा आले का गं?"

आता रंग. टाकीखाली खरवडलं तर तुम्ही १९८४ साली दिलेल्या निळ्याखाली फिका हिरवा निघाला, पण वीतभरच, आणि तोही उडालेला. मोरीच्या फरशीसारखा की कैरीच्या आतल्या गरासारखा, मला ठरवता येत नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा बसलीस तेव्हा ती त्याच रंगाची होती ना? पेंटर शनिवारी येणार आहे. त्याआधी त्या रंगाच्या जवळचं काहीही, साडीचा काठ, पान, काय मिळेल ते, पुड्यात घालून एसटीने पाठव.

तुमची,
सुमा