तारण मागायला शिकवणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम जय ख्रिस्त.

मंडळीसमोर उभे राहून आपले आभार मानायचे मनात होते. परंतु आपल्याला ते रुचले नसते, म्हणून नाव न घेता हे जाहीर पत्र लिहीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळ्यांत माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. ते ख्रिस्ती घरात जन्मले, लहानपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला, नाताळ आणि उत्तम शुक्रवारची उपासना ते चुकवत नाहीत, आणि तरीही देवाने आपल्याला पदरात घेतले आहे का, या प्रश्नापाशी ते अडखळतात. बेळगावात लंडन मिशन या इंग्लंडमधल्या धर्मप्रसारक संस्थेचे काम १८२० साली सुरू झाले. इतकी जुनी परंपरा पाठीशी असली की तारण, म्हणजे पापांची क्षमा आणि त्यांतून सुटका, देवाजवळ मागावेही लागते हे सांगायचे राहून जाते.

वडिलांना मूठमाती दिल्यानंतर हा प्रश्न मला झोपू देईना, तेव्हा मी आपल्याकडे आलो आणि देवाजवळ तारण मागताना नेमके काय म्हणायचे असे विचारले. आपण मला शब्द पढवले नाहीत. चष्मा पदराने पुसून आपण मराठी पवित्र शास्त्र माझ्यापुढे सरकवले आणि लूककृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितले. आपल्या मांडीवर कन्नड शास्त्र उघडे होते आणि माझ्या वाचण्याबरोबर आपले बोट त्यातल्या ओळींवरून पुढे सरकत होते. आठवड्यातून दोनदा उपास करणारा आणि मिळकतीचा दशांश देणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, एकीकडे. दूर उभा राहून, डोळे वर न करता, ऊर बडवीत ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणणारा, लोक पापी समजत असा जकातदार दुसरीकडे. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. तेथे मला थांबवून आपण विचारले, “ह्यानं देवापुढं काय ठेवलं?” मी म्हणालो, “काहीच नाही.” “मग तू काय न्यायचं म्हणतोस?”

त्या प्रश्नाने माझी वर्षानुवर्षांची अडचण सुटली. मी आधी सुधारावे, मग मागावे, असा क्रम मनात धरून बसलो होतो. आपण इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवला: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांमुळे नव्हे, आणि लगेच पुढच्याच वचनात सत्कृत्ये, म्हणजे ती मागून येणारी. त्यानंतर आपण कन्नडमध्ये प्रार्थना केली आणि मी मराठीत, माझ्या तोडक्यामोडक्या शब्दांत, ख्रिस्ताच्या मरणावर भरवसा ठेवून क्षमा मागितली.

काही ठिकाणी ठरावीक प्रार्थना म्हणवून घेऊन लगेच ‘तुझे तारण झाले’ असे जाहीर करतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण माझ्यासारख्याने ती प्रार्थनाही पाठच केली असती. फिलिप्पै येथील तुरुंगाच्या अधिकाऱ्याला, फटके खाऊन तेथे कोंडलेले ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला यांनी प्रभू येशूवर विश्वास ठेव एवढेच सांगितले, आणि त्याच रात्री त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, हे आपण मला पुन्हा वाचायला लावले होते. त्या जखमांवर आपण अधिक वेळ थांबलात. वाटणीवरून माझा आणि धाकट्या भावाचा अबोला होता. पुढच्याच रविवारी मी त्याच्या घरी गेलो, ते त्यामुळेच.

बाप्तिस्मा आधी झाला आणि मागणे इतक्या उशिरा, याची मला खंत वाटत होती. तेव्हा आपण पंडिता रमाबाईंची आठवण दिली: त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्त आपल्याला स्वतःला गवसला तो त्यानंतर काही वर्षांनी, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीलाही वाट पाहावी लागली, हे ऐकून मला केवढा धीर आला हे मी आपल्याला कधी बोलून दाखवले नाही. आज लिहून सांगतो.

आमची थोरली मुलगी यंदा दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणीच्या बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला बसली आहे आणि तिचे प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहेत. आपली प्रकृती बरी असेल त्या दिवशी तिला घेऊन येण्याची परवानगी असावी.

आपला ऋणी,
मंडळीतील एक सभासद