छत्तीस हजार किलोमीटरवरची दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गगनयानाची तयारी सुरू झाल्यापासून, उंच कक्षेतील नादुरुस्त उपग्रहांपर्यंत अंतराळवीर नेऊन ते दुरुस्त करावेत, असा विचार पुण्यातही विज्ञानप्रेमींच्या बोलण्यात वारंवार येतो. भोसरीतील कारखान्यात तीस वर्षे यंत्रांची देखभाल केल्यामुळे दुरुस्तीत माणसाच्या हाताचे मोल मी जाणतो. १९९२ मध्ये इंटेलसॅट ६०३ हा उपग्रह पकडण्यासाठी खास बनवलेला दांडा लागू पडेना, तेव्हा एंडेव्हर यानातील तिघा अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरला. हबल दुर्बिणीचीही १९९३ ते २००९ या काळात पाचदा दुरुस्ती झाली. मात्र ही सर्व कामे पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर झाली.

दळणवळणाचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. खालच्या कक्षेत पोहोचल्यावरही तेथे जाण्यासाठी वेगात सेकंदाला सुमारे चार किलोमीटरचा बदल करावा लागतो, परतीसाठी आणखी सुमारे दीड किलोमीटरचा, आणि त्यासाठी लागणारे सारे इंधन सोबत न्यावे लागते. शिवाय ही कक्षा व्हॅन ॲलनच्या, म्हणजे पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान विद्युतभारित कणांच्या, बाह्य किरणोत्सारी पट्ट्यात येते. केवळ अंतराळ पोशाखात तेथे तासन्‌तास काम करायला माणूस पाठवणे मला पटत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे मानवरहित यान इंटेलसॅट ९०१ ला जाऊन जोडले गेले आणि इंधन संपत आलेला तो उपग्रह पुन्हा कामाला लागला. पण त्याला धरायचे कसे? जोडणीसाठी वेगळी सोयच नसल्याने यानाला आपला दांडा त्याच्या इंजिनाच्या नॉझलमध्ये घालावा लागला. नवे यंत्र घेताना आम्ही आधी त्याचे झाकण उघडून आत पाना फिरतो का, हे पाहत असू; जेथे फिरत नसे, तेथे साधे बेअरिंग बदलायला दिवस जाई. उपग्रह बांधताना हा विचार आजवर फारसा झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाची ऑक्सिडायझरची (इंधन जाळण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याची) झडप उघडली नाही आणि तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला, याची हळहळ अजून जात नाही.

त्याच महिन्यात इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने दोन उपग्रह अवकाशात जोडून दाखवले. तेव्हा इस्रोने पुढील प्रत्येक जीसॅट या दळणवळण उपग्रहावर बाहेरून धरता येईल अशी पकड आणि इंधन भरण्याची झडप आराखड्यातच ठेवावी व त्या उंच कक्षेत दुरुस्तीला प्रथम यंत्रमानव पाठवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता, चिंचवड, पुणे