सॉफ्टवेअर फुटते ते सांध्यात

संपादक महोदय,

सॉफ्टवेअर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले की चर्चा रंगते ती हिंजवडीच्या वाहतूक कोंडीवर. 'लोक विखुरले की गुणवत्ता घसरते' हे जे कारण दिले जाते, ते मात्र कोणी तपासून पाहत नाही. टीम पुण्यात, टेस्टर पोलंडमध्ये आणि ग्राहक न्यूयॉर्कमध्ये अशी मांडणी आता नेहमीची आहे. पुण्यातली टीम एका मजल्यावर आणून बसवली, तरी उरलेले दोघे आहेत तिथेच राहतात.

अभ्यास काय सांगतात? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टा या संगणक प्रणालीच्या कोडवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी मिळून केलेले भाग आणि एकाच जागच्या लोकांनी केलेले भाग यांत, बाजारात गेल्यानंतरच्या बिघाडांचा फारसा फरक त्यात आढळला नाही. अंतराचा फटका बसतो तो वेळेला. हर्बस्लेब आणि मॉकस यांच्या २००३ च्या अभ्यासात अनेक ठिकाणी विभागलेल्या कामाला सुमारे अडीचपट वेळ लागलेला दिसला. मग उशीर भरून काढायला तपासणीला कात्री लागते, आणि खापर फुटते अंतरावर.

नासाच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'चे उदाहरण जुने असले तरी नीट वाचण्याजोगे आहे. हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावले. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीची टीम डेन्व्हरजवळ, तर मार्ग ठरवणारी जेपीएलची (नासाच्या प्रयोगशाळेची) टीम पॅसाडीनाला. थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्यांचा हिशेब एकीकडून पौंड-सेकंदांत येत होता आणि दुसरीकडे न्यूटन-सेकंद म्हणून वाचला जात होता. फरक ४.४५ पटींचा. इतके बहुतेकांना माहीत असते. चौकशी अहवालातला पुढचा भाग कमी सांगितला जातो. एकके मेट्रिक असावीत, हे दोन टीममधल्या इंटरफेसच्या, म्हणजे डेटा देण्या-घेण्याच्या सांध्याच्या, दस्तऐवजात लिहिलेलेच होते. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने या हिशेबाच्या फाइलच्या रचनेतच चुका असल्याने ती वापरली गेली नाही, ईमेलवर भागवले. एप्रिलमध्ये फाइल वापरात आली आणि आठवड्याभरात आकडे खटकू लागले. पण ती शंकाही ईमेलमध्येच फिरत राहिली, अधिकृत बिघाड-नोंदीत गेली नाही.

म्हणून इंटरफेसचा दस्तऐवज पुरेसा नसतो, त्याची चालणारी चाचणी लागते. दोन टीम जिथे डेटा देतात-घेतात, तिथे प्रत्येक फील्डचे नाव, प्रकार, एकक, रिकामे चालेल की नाही, रकमेत दशांश किती आणि तारीख कोणत्या क्रमाने, हे तपासणारी कॉन्ट्रॅक्ट टेस्ट दोन्ही बाजूंच्या बिल्डमध्ये (कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना), प्रत्येक मर्जच्या वेळी, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळताना, चालली पाहिजे. ०३/०४ म्हणजे पुण्यात ३ एप्रिल आणि न्यूयॉर्कला ४ मार्च. बारा तारखेपर्यंत ही चूक गप्प राहते, तेराव्या तारखेला ओरडते.

यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे, त्या फरकाचा बग (सॉफ्टवेअरमधली चूक) तर ठरलेला. भारतात रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळेत यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरची तारीख आदल्या दिवशीची असते. दिवसा काम करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. रात्री एक वाजता आलेली ऑर्डर मात्र कालच्या अहवालात जाऊन बसते. वेळ यूटीसीमध्ये साठवावी, दाखवताना बदलावी आणि टेस्टमधले घड्याळ भारतीय वेळेच्या २३.५९, ००.०१, ५.२९ आणि ५.३१ वर गोठवून तपासावे. ३१ मार्चच्या रात्रीसाठी वेगळी टेस्ट हवीच. मार्चमध्ये अमेरिका आपली घड्याळे युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे करते, त्या काळात रोजचा कॉल कोणाचा तरी चुकतोच.

बगच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, 'बिलाची बेरीज चुकते' एवढेच लिहिले असेल तर काय होते पाहा. पुण्यात सकाळी प्रश्न विचारला जातो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तासाभराच्या दुरुस्तीला तीन दिवस लागतात ते असे. बिल्ड क्रमांक, कोणता सर्व्हर, कोणते टेस्ट खाते, पायऱ्या, अपेक्षित आकडा, आलेला आकडा आणि वेळक्षेत्रासह लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) एवढे नसेल, तर तिकीट उघडूच देऊ नये.

कोड रिव्ह्यूबाबत, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने वाचून तपासण्याबाबत, उलटी चूक होते. प्रत्येक बदलाला समुद्रापलीकडचा रिव्ह्यूअर नेमला जातो आणि प्रत्येक बदल एक रात्र थांबतो. दुसऱ्या ठिकाणचा रिव्ह्यूअर फक्त इंटरफेसच्या फाइलींना सक्तीचा करावा, बाकी तपासणी शेजारच्याने करावी. चारशे ओळींपुढची पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेला बदल) कोणीही मन लावून वाचत नाही, 'छान' लिहून मोकळा होतो.

सरकारी निविदांमध्ये सीएमएमआय (कामाच्या पद्धतीची परिपक्वता मोजणारी मानक चौकट) पातळी ३ किंवा ५ चे प्रमाणपत्र मागण्याची पद्धत आहे. ते संस्थेची कार्यपद्धती सांगते, तुमच्या प्रकल्पातल्या दोन टीममध्ये कॉन्ट्रॅक्ट टेस्ट आहे की नाही, हे सांगत नाही. निविदेत हेच थेट विचारावे.

अंतर दोषी आहे असे ज्या व्यवस्थापकांना खरोखर वाटते, त्यांनी बग नोंदीत एक रकाना वाढवावा : चूक एकाच टीमच्या कोडमध्ये शिरली की दोन टीमच्या सांध्यात. ग्राहकाकडून आलेल्या प्रत्येक बगसाठी तीन महिने तो भरावा. सांध्यातल्या चुका जास्त निघाल्या तर तिथे टेस्ट वाढवाव्यात. एका टीमच्या आतल्या चुका जास्त निघाल्या, तर त्या टीमला कोणत्या शहरात बसवले आहे याने काही फरक पडत नाही.

— सॉफ्टवेअर चाचणी क्षेत्रातील एक वाचक, पुणे